फेरतपासणीचं पत्र : न दिसणाऱ्या जखमेचा शंभर वर्षांचा हिशेब

मागच्या वेळी आपण पहिल्या महायुद्धातल्या खंदकांबद्दल बोललो. व्याख्यान संपलं, खुर्च्या आवरायला सुरुवात झाली, तेव्हा एक काका आमच्यापाशी येऊन थांबले. म्हणाले, "माझा जावई अमेरिकेत असतो. तिकडच्या सैन्यात होता, इराकला जाऊन आला. पीटीएसडीसाठी त्याला अपंगत्वाचा भत्ता मिळतो. आता चार वर्षांनी पत्र आलंय, फेरतपासणीला या म्हणून. पत्र आल्यापासून त्याची झोप उडालीय. तुम्ही इतिहासवाले. सांगा, त्याने तयारी काय करायची?"

आम्ही डॉक्टर नाही, वकीलही नाही. त्यामुळे पहिल्यांदा आम्ही थोडे गडबडलोच. पण घरी जाताना लक्षात आलं, की हा प्रश्न आमच्याच खात्यातला आहे. त्या पत्रातल्या प्रत्येक ओळीमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत असणं हीच अर्धी तयारी आहे. म्हणून आजचं व्याख्यान त्या काकांसाठी. उरलेली अर्धी तयारी काय, तेही शेवटी सांगू.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. ज्याचा पाय गुडघ्याच्या वर कापला गेलाय, त्याला दर तीन वर्षांनी बोलावून "पाय उगवला का हो?" असं कुणी विचारत नाही. (हशा) हसू येतं, पण याच जागी सगळा पेच आहे. मनाची जखम दिसत नाही. ती बरी होऊ शकते, निम्मी बरी होऊ शकते, दहा वर्षं गप्प राहून पुन्हा उसळू शकते. मग सरकार विचारतं, "अजून आहे का?" हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे असं नाही. तो कोण विचारतं, कशासाठी विचारतं आणि उत्तर कशावरून ठरवतं, यावर सगळं अवलंबून असतं.

ब्रिटन : टक्के आणि बोर्ड

फेब्रुवारी १९१५. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात चार्ल्स मायर्स यांचा लेख आला. तोफगोळे जवळ फुटल्यानंतर दृष्टी, स्मृती, वास आणि चव यांवर परिणाम झालेले तीन सैनिक त्यांनी तपासले होते. 'शेल शॉक' हा शब्द छापील वैद्यकीय भाषेत आला तो इथे. शब्द इतका पसरला, की १९१७ मध्ये सैन्याने तो वापरायलाच मनाई केली. त्याऐवजी कागदावर लिहायचं : 'अद्याप निदान नाही, मज्जाविकार'. आजाराचं नाव काढून घेतलं की आजार कमी होईल, असा त्यामागचा हिशेब होता.

आजार कमी झाला नाही. डिसेंबर १९१६ मध्ये ब्रिटनने पेन्शनसाठी वेगळं मंत्रालय काढलं. हात, पाय, डोळा गेला तर तक्त्यात टक्का ठरलेला. मनाचं काय करायचं? त्यासाठी वैद्यकीय बोर्ड. आणि बोर्डाचा निर्णय बहुधा तात्पुरता असे. काही महिन्यांनी, वर्षाने, पुन्हा बोर्डापुढे जायचं. १९२१ च्या सुमारास मज्जाविकाराच्या निदानावर पेन्शन घेणारे माजी सैनिक सुमारे ६५ हजार होते. यातल्या प्रत्येकाच्या कॅलेंडरवर पुढच्या बोर्डाची तारीख कुठेतरी होती, असं समजायला हरकत नाही.

आता बोर्डाचा कारभार डोळ्यांपुढे आणा. टेबलापलीकडे डॉक्टर. अलीकडे एक माणूस, ज्याला सैन्यात पहिल्या दिवसापासून एकच उत्तर शिकवलेलं आहे : "ठीक आहे, सर." भेट थोड्या वेळाची. माणूस दाढी करून, बूट पुसून, आहेत त्यातले चांगले कपडे घालून आलेला. कारण साहेबासमोर जाताना असंच जायचं असतं. डॉक्टरला काय दिसणार? बरा झालेला माणूस. म्हणजे शिस्तच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. हा धागा लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

त्या काळातलं एकच उदाहरण घेऊ, कारण ते सार्वजनिक नोंदीत आहे. आयव्हर गर्नी हा इंग्रज कवी आणि संगीतकार. एप्रिल १९१७ मध्ये तो जखमी झाला, सप्टेंबरमध्ये विषारी वायूच्या तडाख्यात सापडला. पुढे त्याची मानसिक अवस्था ढासळत गेली आणि १९२२ पासून १९३७ मध्ये मरेपर्यंत तो मनोरुग्णालयांतच राहिला. पेन्शनच्या कागदावर त्याच्या आजाराबद्दल असा शेरा होता, की हा आजार सैन्यसेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे बळावला आहे. 'झालेला' आणि 'बळावलेला' या दोन शब्दांत किती पैसे मिळणार हे ठरत होतं. हे दोन शब्दही लक्षात असू द्या.

एक गोष्ट मात्र ब्रिटनमध्ये लवकर झाली. १९१९ च्या कायद्याने पेन्शनसाठी स्वतंत्र अपील न्यायाधिकरणं आली. ज्याने नाकारलं त्याच्याकडेच पुन्हा हात पसरायचा, ही वेळ निदान काही जणांवर यायची थांबली.

जर्मनी : पेन्शन हाच रोग?

जर्मनीत वाद आणखी टोकाला गेला. हर्मान ओपेनहाइम यांनी १८८९ मध्ये 'आघातजन्य मज्जाविकार' अशी कल्पना मांडली होती : रेल्वे अपघात, कारखान्यातला अपघात यांनंतर माणसाची मज्जासंस्था खरोखरच बिघडते. १९१६ मध्ये म्युनिकला मनोविकारतज्ज्ञ आणि मज्जातज्ज्ञांची परिषद भरली, आणि तिथे ओपेनहाइम यांचा पराभव झाला. बहुसंख्य डॉक्टरांचं म्हणणं असं पडलं, की आघाताने कुणी आजारी पडत नाही, पेन्शनच्या आशेने पडतो. त्यासाठी 'पेन्शन-विकार' अशा अर्थाचा शब्दही रूढ होता. १९२६ मध्ये तिथल्या सर्वोच्च विमा न्यायाधिकरणाने निर्णय दिला, की असा मज्जाविकार भरपाईला पात्र नाही.

ही म्युनिकची सावली अजून गेलेली नाही. 'पैसे बंद केले की बरा होईल' हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या बैठकीत ऐकलंच असेल. फेरतपासणीच्या खोलीत ते कुणी मोठ्याने बोलत नाही. पण येणारा माणूस ते बरोबर घेऊनच येतो. त्याला वाटतं, आपल्याला खोटारडा ठरवायलाच बोलावलंय. त्या जावयाची झोप उडाली ती याच भीतीने, असा आमचा अंदाज आहे.

अमेरिका : नाव हरवतं, नाव सापडतं

अमेरिकेने १९१७ मध्ये सैनिकांसाठी भरपाईचा कायदा केला, १९२१ मध्ये व्हेटरन्स ब्युरो काढला, १९३० मध्ये त्यातून व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशन उभं राहिलं. तिकडे सगळे त्याला 'व्हीए' म्हणतात, आपणही तेच म्हणू. महामंदीत, मार्च १९३३ मध्ये, रूझवेल्ट सरकारने काटकसरीचा कायदा आणला आणि माजी सैनिकांचे लाभ मोठ्या प्रमाणात कापले. म्हणजे फेरतपासणीच्या मागे डॉक्टरी कारणाइतकंच तिजोरीचंही कारण असू शकतं, हे तिथल्या सैनिकांनी एकदा भोगून पाहिलेलं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५२ मध्ये, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आजारांची पहिली अधिकृत सूची काढली, ती डीएसएम. तिच्यात युद्धासारख्या प्रचंड ताणातून येणाऱ्या प्रतिक्रियेला जागा होती. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती जागा गेली. १९६८! व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना युद्धाच्या मानसिक जखमेचं नावच पुस्तकातून गायब. परत आलेला पोरगा तपासणीला गेला, तर डॉक्टरने लिहायचं काय?

मग सैनिकांनीच गप्पांचे गट सुरू केले. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून आलेले सैनिक एकत्र बसून बोलू लागले, आणि रॉबर्ट जे लिफ्टन, हाइम शातान यांच्यासारखे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले. १९७२ मध्ये शातान यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये 'व्हिएतनामोत्तर लक्षणसमूहा'वर लेख लिहिला. आठ वर्षं भांडण चाललं. १९८० च्या तिसऱ्या डीएसएममध्ये पीटीएसडी हे नाव आलं आणि व्हीएच्या तक्त्यातही त्याला क्रमांक मिळाला : ९४११. त्या जावयाच्या फाइलवर आज बहुधा हाच क्रमांक असेल. तो कुणा कारकुनाने सहज टाकलेला नाही. त्यासाठी माणसं भांडलेली आहेत.

आणखी एक तारीख. १९८८ पर्यंत व्हीएने भत्त्याबाबत दिलेल्या निर्णयाविरुद्ध अमेरिकेत सैनिकाला सहसा न्यायालयात जाताच येत नव्हतं. त्या वर्षी कायदा झाला आणि स्वतंत्र न्यायालय आलं. १९९३ मध्ये या न्यायालयाने फेरतपासणीबद्दल एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली : टक्का कमी करायचा असेल, तर माणसात सुधारणा झाली एवढंच पुरत नाही. रोजच्या जगण्यात आणि कामात वावरण्याची त्याची ताकद खरोखर सुधारलेली असली पाहिजे. तासाभराच्या खोलीतली सुधारणा चालणार नाही. बोर्डापुढे बूट पुसून उभ्या राहिलेल्या त्या १९२१ च्या माणसाला हे उत्तर मिळायला सत्तर वर्षं लागली.

२००५ : बहात्तर हजार फायली

२००५ मध्ये व्हीएच्या महानिरीक्षकांनी एक अहवाल दिला. वेगवेगळ्या राज्यांत भत्त्याच्या सरासरीत मोठा फरक का, याचा शोध घेताना त्यांनी पीटीएसडीच्या २,१०० फायली पाहिल्या आणि म्हटलं, की सुमारे एक चतुर्थांश फायलींत आघाताच्या घटनेचा पुरेसा पुरावा नाही. त्यावर व्हीएने जाहीर केलं, की अशा ७२ हजार फायली पुन्हा तपासू.

देशभर घबराट उडाली. यात वयस्क व्हिएतनामवाले पुष्कळ. पुन्हा सगळं सांगायचं? पुन्हा सिद्ध करायचं? मग नोव्हेंबर २००५ मध्ये व्हीएने तो बेत रद्द केला. का? त्याच २,१०० फायली पुन्हा तपासल्यावर लबाडी सापडली नाही. सापडल्या त्या कचेरीच्याच चुका : कागद नीट न जोडलेले, नोंदी अपुऱ्या. चूक कार्यालयाची, धाप मात्र सैनिकाला लागली.

गंमत पाहा. २००७ मध्ये दोन अधिकृत अहवाल आले. राष्ट्रीय अकादमीच्या वैद्यकीय समितीने म्हटलं, पीटीएसडीच्या सगळ्यांना सरसकट ठरावीक मुदतीने बोलावणं योग्य नाही. त्याच वर्षी काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने म्हटलं, उपचाराचा उपयोग होतोय का हे पाहायला दोन-तीन वर्षांनी तपासणी व्हावी. दोघांचा हेतू चांगला. एकाला सैनिकाची भीती दिसत होती, दुसऱ्याला उपचाराविना सोडून दिलेला सैनिक दिसत होता. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि आमच्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

आता तयारी

तर काका, आता तुमच्या जावयासाठी. नियम बदलत असतात, म्हणून त्याने हातातल्या पत्रावर आणि सध्याच्या नियमांवरच जावं. पण इतिहासाने जे शिकवलंय ते असं.

पहिलं, पत्र म्हणजे आरोप नव्हे. नियमांतच लिहिलंय, की जिथे सुधारणा होण्यासारखी आहे तिथे साधारण दोन ते पाच वर्षांनी फेरतपासणी ठेवायची. आजार कायमचा ठरला असेल, किंवा वय पंचावन्नच्या पुढे असेल, तर सहसा बोलावत नाहीत. आपण कुठे बसतो ते आधी पाहावं. तपासणीला जायचंच. तारीख जमत नसेल तर लगेच कळवून बदलून घ्यायची. काही न कळवता गैरहजर राहिलं, तर त्याच कारणाने भत्ता कमी किंवा बंद होऊ शकतो.

दुसरं, मोजतात काय ते समजून घ्यावं. १९९६ पासूनच्या सूत्रात ०, १०, ३०, ५०, ७० आणि १०० असे टक्के आहेत. त्यात किती भयंकर पाहिलं, किती शौर्य केलं, हे मोजत नाहीत. नोकरीत आणि माणसांत वावरताना किती अडचण येते, हे मोजतात. म्हणून फक्त 'स्वप्नं पडतात' एवढंच सांगून थांबू नये. स्वप्न पडलं की दुसऱ्या दिवशी काय होतं? कामावर उशीर होतो का? मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला जाता येतं का? दुकानात गर्दी दिसली की गाडी वळवून घरी येतो का? हे सांगायचं.

तिसरं, आधीचा निर्णय काढून वाचावा. टक्का देताना त्यात कोणती लक्षणं धरली होती? फेरतपासणीत तुलना त्यांच्याशी होते. त्यातलं काय तसंच आहे, काय कमी झालं, काय वाढलं, हे कागदावर लिहून काढावं. उपचाराच्या अलीकडच्या नोंदी फाइलमध्ये पोचल्या आहेत का, ते पाहावं. बायकोने, भावाने, जुन्या सोबत्याने स्वतः पाहिलेल्या गोष्टी साध्या भाषेत लिहून दिल्या, तर त्या पुरावा म्हणून धरतात. २००५ ची गोष्ट आठवा : कागद नीट असला की माणूस वाचतो.

चौथं आणि सगळ्यात अवघड : "ठीक आहे, सर" म्हणायचं नाही. वाढवूनही सांगायचं नाही. तपासणाऱ्यांकडे अतिशयोक्ती ओळखण्याच्या चाचण्या असतात, आणि एक खोटी गोष्ट दहा खऱ्या गोष्टींना घेऊन बुडते. चांगले दिवस असतील तर तेही सांगावेत, वाईट किती येतात तेही. महिन्यातले दिवस मोजून सांगावेत. तपासणारा उपचार करणारा डॉक्टर नाही, आणि टक्काही तो ठरवत नाही. तो अहवाल लिहितो, निर्णय दुसरा अधिकारी फाइल पाहून घेतो. म्हणून जे बोललं गेलं नाही ते फाइलपर्यंत पोचत नाही.

पाचवं, कमी करायचं ठरलं तरी ते एका रात्रीत होत नाही. भत्त्याची रक्कम कमी होणार असेल तर आधी प्रस्तावाचं पत्र येतं, पुरावा द्यायला ६० दिवस मिळतात, सुनावणी हवी असेल तर ३० दिवसांत मागायची. पाच वर्षं किंवा जास्त टिकलेला टक्का एका तपासणीवरून सहसा उतरवता येत नाही, सुधारणा टिकणारी आहे हे दिसावं लागतं. दहा वर्षं झाली की आजाराचा सेवेशी असलेला संबंध लबाडी सिद्ध झाल्याशिवाय तोडता येत नाही. वीस वर्षं सलग असलेला टक्का त्याच अटीवर गोठतो. ही प्रत्येक मुदत म्हणजे आधीच्या पिढीने बांधलेला बांध आहे. आणि हे सगळं एकट्याने करायचं नाही. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स ही संघटना १९२० पासून हेच काम करते. अशा संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट मदत करतात.

आणि एक गोष्ट फाइलच्या बाहेरची. पत्रामुळे जुन्या गोष्टी वर येत असतील, जगणं नको वाटत असेल, तर तपासणीची वाट पाहायची नाही. अमेरिकेत ९८८ वर फोन करून १ दाबला की माजी सैनिकांसाठीचा मदतकक्ष लागतो. आपल्याकडे १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे.

आपल्या घरातली फाइल

इथे बसलेल्या काहींच्या घरातही फौजेची पेन्शन येते, म्हणून दोन शब्द आपल्याबद्दल. गर्नीच्या कागदावरचे ते दोन शब्द आठवतात? 'सेवेमुळे झालेला' आणि 'सेवेमुळे बळावलेला'. आपल्या लष्करी अपंगत्व पेन्शनच्या नियमांतही तीच जोडी आजपर्यंत चालत आली आहे. पण फेरतपासणीच्या बाबतीत आपण वेगळी वाट धरली. २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या आदेशाने ठरलं, की कायमचं ठरलेलं अपंगत्व आयुष्यभरासाठी धरायचं, सैनिकाने स्वतः मागितल्याशिवाय पुन्हा बोर्ड नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सैनिकाच्या स्किझोफ्रेनियाच्या प्रकरणात पुन्हा वैद्यकीय बोर्ड बसवायला सांगितलं, कारण आधीच्या मनोविकारतज्ज्ञाने निष्कर्ष लिहिला होता, कारणं लिहिली नव्हती. म्हणजे इथे फेरतपासणी सैनिकाच्या बाजूने उभी राहिली. कुणाची फाइल अडली असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढायला लाजू नका.

काल काकांचा फोन आला होता. आम्ही विचारलं, जावई काय करतोय? म्हणाले, "वही घेतलीय त्याने. रोज रात्री दोन ओळी लिहितो. मुलगी विचारते, बाबा काय लिहितोस? तो म्हणतो, हजेरी."

आम्हाला तो शब्द आवडला. बोर्डापुढची हजेरी अर्ध्या-एका तासाची असते, आणि शंभर वर्षं सगळा निवाडा त्यावरच होत आला. उरलेल्या दिवसांची हजेरी कुणीतरी मांडायला हवी होती. ती आता त्याने मांडायला घेतलीय.

इथे थांबू. प्रश्न असतील तर विचारा.